खसखशीएवढी अक्षरं

आमच्या रक्तपेढीत नवं सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी मी चारचौघांत खोटं बोलले. पुण्याहून शिकवायला आलेल्या तरुण बाईने पडद्याकडे हात करून विचारलं, "दिसतंय ना सगळ्यांना?" आणि बाकीच्यांबरोबर मीही मान हलवली. मला काही दिसत नव्हतं. पांढऱ्याफटक पडद्यावर फिकट राखाडी रंगाची अक्षरं होती, ताटात खसखस सांडावी तशी. कुठला रक्तगट, कुठली तारीख, काही उमगत नव्हतं.

शिकवणं संपत आल्यावर मी धीर करून विचारलं, "अक्षरं जरा मोठी करता येतील का?"

"हे डिफॉल्ट आहे, मॅडम," ती म्हणाली. "सगळीकडे असंच असतं. होईल सवय."

मागे कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मी वळून पाहिलं नाही, पण ती बाई मला त्या क्षणापासून आवडेनाशी झाली. तिची बॅग, तिचं ते गोड बोलणं, तिचा 'डिफॉल्ट' हा शब्द, सगळंच. मिरजेच्या या रक्तपेढीत मी सव्वीस वर्षं काम करत होते. गट तपासणं, क्रॉसमॅच करणं म्हणजे पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळवून बघणं, आणि खिडकीतून पिशवी देणं, एवढं माझं काम. तोवर आमच्याकडे लांबरुंद रजिस्टर होतं. त्यात मी जाड निबाच्या पेनाने लिहायची. माझी ओळ दुसऱ्या टेबलावरून वाचता यायची. ते रजिस्टर त्याच दिवशी कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली इन्चार्ज सरांच्या खिशात.

डोळ्यांचं मला आधीपासून कळत होतं. पण मिरज-सांगलीत डोळे दाखवायची सोय नव्हती. म्हणजे गल्लीगल्लीत डॉक्टर आहेत, पण त्यातले निम्मे मला नावाने ओळखतात आणि निम्मे आमच्या सरांना. सकाळी डोळे तपासले की दुपारपर्यंत रक्तपेढीत कळलं असतं. म्हणून मी साताऱ्याला गेले, धाकट्या बहिणीकडे. राजवाड्याच्या बाजूला एका डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून टाका. आता पिकायची वाट बघत नाहीत कोणी."

मला वाट बघायची होती. ऑपरेशन म्हणजे रजा, रजा म्हणजे कारण लिहून देणं, आणि कारण लिहून दिलं की सर म्हणणार, बाई, तुम्ही आता कॅम्पला जात जा, रक्तदात्यांना बिस्किटं आणि चहा द्या. माझ्या आधीच्या एका बाईंचं असंच झालं होतं. शेवटची चार वर्षं त्यांनी थर्मासची झाकणं उघडण्यात घालवली. मी साताऱ्याहून परत येताना ठरवलं, कोणाला काही सांगायचं नाही.

त्या फेरीत एक गोष्ट मात्र मिळाली. बहिणीची मुलगी कॉम्प्युटरवर काम करत बसली होती. तिला मी सहज बोलल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, कंट्रोल दाबून धर आणि अधिकचं चिन्ह दाब. पाहिजे तेवढी अक्षरं मोठी होतात." तिने करून दाखवलं. अक्षरं फुगली, काळी झाली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, परत कर. तिने परत केलं. बोटं कुठे ठेवते ते मी पाठ करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, कोणी यायच्या आत, मी आमच्या कॉम्प्युटरवर तेच केलं. सात वेळा अधिक दाबलं. बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, पिशव्यांचे नंबर, गोळा केल्याची तारीख, सगळं लख्ख. एवढी साधी गोष्ट त्या पुण्याच्या बाईला सांगता आली नसती? की तिला सांगायचीच नव्हती? त्या दिवशी मी एकही चूक केली नाही आणि कोणाला काही विचारावंही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पुन्हा खसखस.

दुपारपाळीला जो माणूस असायचा त्याला सगळे फौजी म्हणत. खटाव तालुक्यातला. सैन्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळेचं काम करून निवृत्त झालेला, वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. ताठ चालायचा, टेबलावरची पट्टीसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. दोनला तो यायचा, मी त्याला चार्ज द्यायची आणि सांगलीची बस धरायची. आमचं तोवर बरं होतं असं म्हणता येणार नाही, पण वाईटही नव्हतं.

त्या दिवशी तो आल्यावर मी विचारलं, "अक्षरं तुम्ही बारीक केली?"

"व्हय."

"का?"

"जसं दिलंय तसं ठिवायचं, बाई. मशिन समद्यांची हाय."

"मला मोठी लागतात."

"का बरं?"

या 'का बरं'चं उत्तर मला देता येत नव्हतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

मग रोज हेच सुरू झालं. सकाळी मी मोठी करायची, दुपारी तो बारीक करायचा. एकदा सकाळी आले तर पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली, ठसठशीत अक्षरात: 'सेटिंग बदलू नये.' गंमत अशी की ती चिठ्ठी मला लांबून वाचता आली. मी ती फाडून त्याच्याच खणात टाकली. दुसऱ्या दिवशी नवी. तीही फाडली. तिसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून लावली. मी कात्रीने कापली.

एका दुपारी तो चार्ज घेताना म्हणाला, "आवं बाई, जरा ऐका. ही मोठी केली की न्हाई, कडंचं समदं..."

"मला शिकवू नका," मी म्हटलं. "तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे काम करते."

त्याने खुर्ची ओढली आणि पडद्याकडे तोंड केलं. त्याच्या जबड्याची हालचाल मला दिसली. मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात झाडणाऱ्या मावशींनी मला सांगितलं की फौजी म्हणत होता, बाईंना दिसत न्हाई. मावशींनी सहज सांगितलं, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी मात्र लगेच हिशेब मांडला. हा माणूस आता सरांकडे जाणार. आज नाही तर उद्या. त्याला माझी जागा पाहिजे, सकाळपाळी पाहिजे, म्हणूनच हे अक्षरांचं काढलंय. बसमध्ये सांगली येईपर्यंत माझी खात्री झाली. माणूस एकदा असा विचार करू लागला की प्रत्येक गोष्ट त्यात बसते. त्याचं वेळेवर येणं बसलं, सरांना 'जय हिंद' म्हणणं बसलं, ती टेबलावरची सरळ पट्टीही बसली.

मी बोलणं बंद केलं. चार्ज कागदावर लिहून ठेवायची आणि तो आत यायच्या आधी दुसऱ्या दाराने निघायची. जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करायची, ती आज लिहितानाही शरम वाटते. अक्षरं एवढी मोठी करून ठेवायची की पडद्यावर तीनच ओळी मावतील. एकदा तर रंगच उलटे केले, काळ्यावर पांढरं, आणि माउसचा बाणही मोठा करून ठेवला. बहिणीच्या मुलीला फोन करून हे सगळं मी विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, "मावशी, तुला चांगलंच जमायला लागलं की!" त्या दिवशी दुपारी पिशवी घ्यायला गर्दी होती आणि फौजी दहा मिनिटं पडदा सरळ करत बसला. नातेवाईक त्याच्या नावाने ओरडले. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी चहाबरोबर ते चवीने ऐकलं.

असे दीड-दोन महिने गेले.

मग तो मंगळवार आला. सकाळी साडेदहाला एक माणूस धावत खिडकीशी आला. हातात चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना. शेजारच्या दवाखान्यात त्याच्या बायकोचं सिझेरियन झालं होतं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी निगेटिव्ह, दोन पिशव्या. बी निगेटिव्ह आमच्याकडे असतंच असं नाही. मी यादी उघडली. मोठ्या काळ्या अक्षरांत दोन ओळी होत्या: बी निगेटिव्ह, बी निगेटिव्ह. दोन्ही ताज्या. मी मनात देवाचे आभार मानले, क्रॉसमॅच केलं, जुळलं, दोन्ही पिशव्या दिल्या. तो माणूस पिशव्यांचा डबा छातीशी धरून पळत गेला. अर्ध्या तासाने दवाखान्यातून फोन आला की बाई सावरतेय. मी त्या दिवशी डबा उघडून निवांत जेवले.

कॅम्पच्या पिशव्यांना लेबलं लावायची राहिली होती म्हणून दोनला मी निघाले नाही. आणखी दोघींबरोबर आतल्या टेबलावर बसले. फौजी आला, माझ्याकडे न बघता खुर्चीत बसला, वजाचं चिन्ह दाबून अक्षरं बारीक केली. ते टक टक टक मला ऐकू आलं.

अडीचला खिडकीशी एक बाई आली. कुंडलची. मी तिला चेहऱ्याने ओळखत होते. तिची सात वर्षांची मुलगी थॅलेसेमियाची. या पोरांच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं. मुलगी बाकावर बसली होती, दोन वेण्या, पाय लोंबते, ओठ कागदासारखे पांढरे. तिचा गट बी निगेटिव्ह.

फौजीने फ्रीज उघडला. बंद केला. पुन्हा उघडला. मग पडद्यासमोर बसला आणि मान न वळवता म्हणाला, "बाई, बी निगेटिव्ह कुठाय?"

"गेलं," मी आतून म्हटलं. "सिझेरियनची केस होती. दोन्ही दिल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आवं, एक राखीव हुती. ह्या पोरीच्या नावानं."

मी उठून आले. "कुठे लिहिलंय?"

त्याने पडद्यावर बोट ठेवलं, अगदी उजव्या कडेला. मला तिथे राखाडी धूसर दिसलं. तो खुर्ची सोडून उठला आणि मला बसायची खूण केली. मग माझ्या खांद्यावरून हात लांब करून त्याने अक्षरं मोठी केली, मी रोज करायची तेवढीच, सात वेळा. प्रत्येक वेळी यादी उजवीकडे सरकत गेली. दुसऱ्या वेळेलाच शेवटचा, राखीवचा रकाना पडद्याबाहेर गेला. मग त्याच्या आधीचे, एकामागून एक. सातव्या वेळेनंतर पडद्यावर राहिला फक्त गट, नंबर आणि तारीख. माझं लख्ख जग. खाली सरकवायची पट्टी होती म्हणे, पण ती दोऱ्याएवढी आणि बाण तिच्यावर नेल्याशिवाय दिसायचीच नाही.

"ह्येच सांगत हुतो," फौजी म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी खरंतर तेव्हाच कबूल करायला हवं होतं. मी म्हटलं, "हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. आणि तिकडे बाई मरत होती. राखीव आहे म्हणून मी दिली नसती का?"

"दिली असती," तो म्हणाला. "मी बी दिली असती. पण म्हाईत असून दिली असती. साडेधालाच सांगलीला फोन लावला असता आन् ह्या पोरीसाठी पिशवी मागवली असती. ह्यांना घरीच सांगितलं असतं, उशिरा या."



खिडकीपलीकडे ती बाई सगळं ऐकत होती. तिने गजाला धरलं होतं. "काल दुपारी फोन केला तवा हाय म्हनाला की," ती म्हणाली. "दोन यष्ट्या बदलून आलोय आमी. पोरीला सकाळपासनं दम लागतोय. नाव लिवलं न्हवतं का माझ्या लेकीचं?"

 फौजी माझ्याकडे बघतही नव्हता. तो बोलला असता, माझ्याकडे बोट केलं असतं, तर मी भांडले असते, भांडण्याची माझी पूर्ण तयारी होती. पण तो फोनवर सांगलीच्या एका रक्तपेढीचा नंबर फिरवत होता. ती बाई माझ्याकडे बघत होती.

"लिहिलं होतं," मी म्हटलं. "मला दिसलं नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे डोळ्यांनी दिसलं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

लेबलं लावायला बसलेल्या दोघी, दारातल्या झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांनी ऐकलं. त्या बाईचा चेहरा मऊ झाला असेल असं कोणाला वाटलं तर तसं झालं नाही. ती म्हणाली, "मग हितं कशाला बसता तुमी?"

सांगलीत एक पिशवी मिळाली. फौजीने फोन ठेवला आणि म्हणाला, "कुनीतरी आनाया जायला पायजे." खिडकी सोडून त्याला जाता येत नव्हतं. मी बर्फाचा डबा उचलला. तो डब्याकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "रिक्षानं जावा. थांबवून ठेवा. चिठ्ठी मी मोठ्या अक्षरात लिवून देतो." हे टोमणा म्हणून म्हणाला की खरंच, मला आजवर कळलेलं नाही. चिठ्ठी मात्र खरंच मोठ्या अक्षरात होती.

मिरज ते सांगली रस्ता मी आयुष्यात हजारो वेळा गेले असेन. त्या दुपारी तो संपेना. विश्रामबागच्या पुढे गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी सगळ्यांना शिव्या दिल्या. पुण्याच्या बाईला, सरांना, फौजीला, सिझेरियनच्या त्या बिचाऱ्या बाईलाही. शिव्या संपल्या तेव्हा पलीकडच्या दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न केला. एवढं मोठं अक्षरही चिकटलेलं दिसत होतं. किती दिवस मी स्वतःला सांगत होते की दोष फक्त त्या पडद्याचा आहे.

पाच वाजता पिशवी आणली, क्रॉसमॅच फौजीने केलं. मला हात लावू दिला नाही. सहाला पिशवी आमच्याच इमारतीतल्या वॉर्डात गेली. मी बाकावर बसून राहिले, घरी गेले नाही. मुलीला रक्त चढायला सुरुवात झाल्याचं मावशींनी येऊन सांगितलं, तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना आत बोलावलं. माझ्यासमोर कागद ठेवला, लेखी खुलासा द्या. मग त्यांनी स्पीकरवर पुण्याला फोन लावला. तीच बाई, तोच गोड आवाज. "सर, झूम करून वापरणं आम्ही सजेस्ट करतच नाही. डिफॉल्ट व्ह्यू ठेवा. आणि राखीव पिशवी देताना इशारा येतो ना पडद्यावर."

"कुठे येतो?" मी विचारलं.

"उजव्या कोपऱ्यात."

"तो कोपरा माझ्या पडद्यावर नसतोच!" मी जवळजवळ ओरडले. "रक्तपेढीत पिशवी कोणाची आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि ते तुम्ही सगळ्यात शेवटी, सगळ्यात कोपऱ्यात, राखाडी रंगात लिहिता? तुम्हाला कोणी म्हातारं होत नाही का पुण्यात?"

सर म्हणाले, "बाई, हळू." पण मला धक्का बसला तो फौजीचा. तो खुर्चीतून पुढे वाकला आणि फोनमध्ये म्हणाला, "मॅडम, त्या बरोबर बोलत्यात. ह्यो रकाना पयला घ्या. आन् अक्षर काळं करा. मला बी संध्याकाळच्या टायमाला ते राखाडी दिसत न्हाई, मी अंदाजानं वाचतो."

अंदाजाने! दीड-दोन महिने हा माणूस माझ्याशी भांडला आणि स्वतः अंदाजाने वाचत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो फोनकडेच बघत राहिला.

"पण ते सेटिंगमध्ये आहेच की," पुण्याची बाई म्हणाली. "प्रत्येकाला आपापल्या लॉगिनमध्ये करता येतं. रकाने मागेपुढे करता येतात, नको ते लपवता येतात, अक्षराचा आकार, रंग, सगळं. त्याने काही पडद्याबाहेर जात नाही. तुम्ही सगळे एकच लॉगिन का वापरता?"

सर खाकरले. एकच लॉगिन त्यांनीच ठेवायला सांगितलं होतं, एकच पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा म्हणून.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे म्हणालात ना, की दिसतंय," ती म्हणाली.

अक्षरं मोठी करायचं मी विचारलं होतं, पण त्याआधी मानही मीच हलवली होती. मी तिचा रागराग करत होते तो कमी झाला नाही, उलट वाढला, कारण ती खोटं बोलत नव्हती.

त्या दुपारी ती बाई फोनवर सांगत गेली आणि आम्ही करत गेलो. फौजी माउस धरून, मी शेजारी. माझं वेगळं लॉगिन झालं. पंधरा रकाने होते, मी सहा ठेवले. पहिला रकाना राखीव, मग गट, मग नंबर, मग मुदत कधी संपते ते. अक्षर जवळजवळ दुप्पट, काळं, जाड. पांढऱ्या पडद्याचा डोळ्यांवर मार बसायचा म्हणून मागचा रंग फिकट पिवळा केला. राखीव असेल ती पूर्ण ओळ लाल. सगळं पडद्यात मावलं. फौजीने स्वतःच्या लॉगिनमध्ये राखीवचा रकाना पुढे घेतला, अक्षर काळं केलं, आकाराला हात लावला नाही. "मोठं करा की," मी म्हटलं. "नको," तो म्हणाला. आदल्या दिवशीची ती पिशवी सोडली तर, बोलणं बंद केल्यापासूनचं आमचं हे पहिलं बोलणं.

खुलाशात मी सगळं लिहिलं. साताऱ्याच्या डॉक्टरांचा कागदही जोडला. सरांनी मला कॅम्पला पाठवलं नाही. ऑपरेशन होईपर्यंत खिडकी मात्र काढून घेतली, दुसऱ्याच्या देखरेखीखाली क्रॉसमॅच करायचं असं ठरलं. देखरेख कोणाची, तर फौजीची. तो सकाळपाळीला आला, आणि मी दुपारी तो घरी गेल्यावरच श्वास सोडायची. माझी प्रत्येक स्लाइड तो पुन्हा बघायचा. चूक कधी सापडली नाही, आणि चूक नाही हेही त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही. मान हलवायचा, बस. मला दिसत नाही असं मावशींजवळ म्हणाला होता त्याबद्दल तो काही बोलला नाही. तीन ओळींच्या पडद्याबद्दल, उलट्या रंगांबद्दल मीही काही बोलले नाही. आमच्यात मैत्री झाली नाही. होईल असंही मला वाटत नाही.

ऑपरेशन मिरजेतच केलं, आधी उजवा, मग डावा. आता लपवायचं काय होतं? पट्टी काढल्यावर पहिल्यांदा भिंत पांढरी दिसली. इतकी वर्षं मी ती पिवळसर समजत होते. परत आले तेव्हा नव्या डोळ्यांनी मी ते मूळ सेटिंग उघडून पाहिलं. वाचता येत होतं. तरीही वाईट होतं. चांगल्या डोळ्यांनाही ते वाचायला ताण पडतो, हे मला तेव्हा कळलं आणि नव्याने राग आला. मी माझी मोठी अक्षरं तशीच ठेवली. मला खिडकी परत मिळाली आणि फौजी दुपारपाळीला परत गेला.

कुंडलची बाई दर तीन आठवड्यांनी येते. खिडकी परत मिळाल्यानंतरच्या तिच्या पहिल्या खेपेला मीच समोर होते. तिने मला पाहिलं आणि विचारलं, "फौजी न्हाईत का?"

"दोनला येतील."

ती बाकावर जाऊन बसली. साडेअकरा वाजले होते. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी दोनदा म्हटलं, पिशवी तयार आहे, या. तिने ऐकलं नाही. शेवटी पोरच कुरकुरायला लागली तेव्हा उठून आली.

"दावा," ती म्हणाली.

"काय?"

"नाव दावा लेकीचं. लिवलेलं."

दुसऱ्या कोणाचं नाव दिसू नये म्हणून मी यादीत तेवढीच ओळ ठेवली आणि पडदा खिडकीकडे फिरवला. लाल ओळ, जाड अक्षर. तिने गजातून बोट आत घालून हवेतच एकेक अक्षर जुळवत वाचलं. मराठीत नाव टाकायची सोयही त्या सेटिंगमध्येच निघाली होती. पहिलं नाव, वडलांचं नाव, आडनाव. मग पिशवीवरचं लेबल मागितलं आणि नंबर एकेक आकडा करून जुळवला.

आजही येते तेव्हा ती असंच करते. माझ्याशी दुसरं काही बोलत नाही. मी पडदा फिरवते, ती वाचते, पिशवी घेते आणि मुलीचा हात धरून वॉर्डाकडे जाते.